नौपाड्यातील दुसरा मजला: आजींचे घर, न्हाणीघर आणि जिना यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाडा भागात १९७०च्या दशकात बांधलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या आणि लिफ्ट नसलेल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर ७९ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले असून लेखात त्यांचा उल्लेख आजी असाच केला आहे. यजमानांच्या निधनानंतरही त्यांनी हे घर सोडलेले नाही. मुलगा बंगळुरूला आणि मुलगी कल्याणला राहते. सकाळी कामाला एक ताई येतात आणि समोरच्या बिऱ्हाडाशी त्यांचे तीस वर्षांहून अधिक काळाचे घरोब्याचे संबंध आहेत. घंटाळी देवीचे देऊळ, भाजीबाजार आणि १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय हे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे आजींचा दिवस खरे तर घरात कमी आणि या वाटांवर अधिक जात असे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार वा दुखापतीनंतर माणसाला रोजचे व्यवहार पुन्हा जमावेत यासाठी मदत करणारी तज्ज्ञ म्हणून या कुटुंबाशी जोडले गेले ते आजींच्या शस्त्रक्रियेनंतर. वृद्धांसाठी घर सुरक्षित करायचे म्हटले की बहुतेक कुटुंबे न्हाणीघरापासून सुरुवात करतात आणि न्हाणीघरापाशीच थांबतात. या कुटुंबानेही तसेच केले. ते का केले, त्यातून काय साधले आणि काय राहून गेले, हे तपशिलाने मांडण्यासाठी ही नोंद लिहीत आहे.

घटना आणि प्रश्न

जुलैच्या एका रात्री तीनच्या सुमारास आजी लघवीसाठी उठल्या. संडास आणि न्हाणीघर शेजारी शेजारी, पण वेगवेगळे असून प्रत्येकाची जागा साधारण तीन फूट बाय चार फूट आहे. पॅसेजमधल्या दिव्याचे बटण पलंगापासून दूर, दाराच्या चौकटीपलीकडे होते. संडासाची जमीन पॅसेजपेक्षा तीन इंच खाली, आणि मध्ये कडाप्प्याचा उंबरा. पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे गुळगुळीत लाद्या दिवसभर ओलसरच असत. परतताना उंबऱ्याला पाय अडखळला, आजी उजव्या अंगावर पडल्या आणि उठता येईना. सकाळी कामाच्या ताई येईपर्यंत त्या तशाच पडून होत्या. पुढच्या लाकडी दाराला आतून कडी आणि बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप असल्यामुळे आत जाण्यासाठी दोन्ही तोडावी लागली. १०८ची रुग्णवाहिका वेळेत आली, परंतु अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर वळेना, म्हणून शेजारच्या मुलांनी आजींना खुर्चीत बसवून खाली नेले.

मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले होते. खुब्याचा गोळा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी आजींना वॉकर धरून उभे केले गेले. त्यानंतरची पथ्ये स्पष्ट होती: मांडी घालून बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, उकिडवे बसायचे नाही आणि खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकेल इतक्या खाली बसायचे नाही. म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास, देवासमोरचा पाट आणि चौदा इंच उंचीचा दिवाण, या तिन्ही गोष्टी एका दिवसात बाद झाल्या. रुग्णालयातून घरी सोडताना मात्र घर कितव्या मजल्यावर आहे आणि संडास कोणत्या पद्धतीचा आहे, हे कुणी विचारले नाही. आजी कल्याणला मुलीकडे गेल्या.

तपासलेले पर्याय

कायम मुलीकडे राहणे हा पहिला आणि सर्वांना सोपा वाटलेला पर्याय होता. तिथे लिफ्ट होती, पण मुलगी आणि जावई दोघेही सकाळी लोकल पकडणारे, नात दहावीला, आणि दिवसभर आजी अनोळखी इमारतीत एकट्याच. तीन महिन्यांत त्या एकदाही आपणहून घराबाहेर पडल्या नाहीत. मुलाने घोडबंदर रस्त्यावर लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने घर घेऊन नौपाड्याचे घर भाड्याने द्यायचे सुचवले. हिशेबात ते बसत होते, परंतु तिथून देऊळ, बाजार आणि ग्रंथसंग्रहालय यांपैकी काहीच पायी गाठता येणार नव्हते. वृद्धाश्रमाचा विषय आजींनी एका वाक्यात मिटवला आणि तो पुन्हा कुणी काढला नाही.

उरला तो नौपाड्यालाच परतण्याचा पर्याय, आणि त्याच्या वाटेत पुनर्विकासाची चर्चा होती. संस्थेत काही वर्षे ती सुरू आहे. इमारत दोन वर्षांत पाडणार असतील तर न्हाणीघरावर पैसे का घालायचे, हा मुलाचा प्रश्न रास्त होता. माझे मत वेगळे होते आणि ते मी कुटुंबासमोर मांडले: संस्थेचा ठराव, सल्लागाराची नेमणूक, विकासकाची निवड, करारनामा आणि महापालिकेची मंजुरी या वाटेवर दोन वर्षे कधी उलटतात ते कळत नाही, आणि ७९ वर्षांच्या माणसासाठी दोन वर्षे हा थांबून राहण्याचा काळ नव्हे. अखेर एक सोयीचा नियम ठरला. जे स्क्रू काढून दुसऱ्या घरी नेता येईल ते चांगल्या प्रतीचे घ्यायचे, आणि जे भिंतीत वा जमिनीत गाडले जाणार ते आवश्यक तेवढेच करायचे. जुन्या इमारतींत राहणाऱ्या इतर कुटुंबांनाही मी आता हाच नियम सुचवते.

खर्चाला सरकारी आधार मिळेल का, हेही पाहिले. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४पासून सुरू झालेले आयुष्मान कार्ड वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरातल्या कामासाठी नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, परंतु कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख असल्यामुळे आजींचे निवृत्तिवेतन आड आले. खर्च भावंडांनी वाटून घेतला.

घराआधी औषधे

गवंडी बोलावण्याआधी आजींची औषधे पाहिली गेली, आणि या प्रकरणातला सर्वांत स्वस्त बदल तिथे झाला. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी त्या विसरू नये म्हणून रात्रीच्या जेवणानंतर घेत होत्या, आणि अधूनमधून झोपेची गोळीही. झोपून उठल्यावर उभ्या स्थितीत त्यांचा वरचा रक्तदाब २०हून अधिक अंकांनी उतरत होता. एवढी घसरण उठताच चक्कर यायला पुरेशी असते. त्यांच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी सकाळी आणली, झोपेची गोळी हळूहळू बंद केली आणि पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसून मगच उभे राहण्यास सांगितले. रात्री उठणे तीन वेळांवरून एकावर आले. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही याच काळात काढला गेला. उंबरा तोच आणि लादी तीच असती, तरी केवळ या बदलांमुळे त्या रात्रीचा धोका पुष्कळ कमी झाला असता, असे मला वाटते.

न्हाणीघर आणि संडास

मुलाची पहिली कल्पना दोन्ही खोल्यांमधली भिंत पाडून एक प्रशस्त जागा करण्याची होती. कागदावर ती उत्तम दिसत होती. पण ती साडेचार इंची विटांची भिंत वरच्या माळ्याला आधार देत होती आणि माळ्यावर ५०० लिटरची पाण्याची टाकी होती. भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन. संस्थेने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने टाकी हलवल्याशिवाय भिंतीला हात लावू नये असे सांगितले, आणि पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे टाकी हलवायला दुसरी जागा नव्हती. भिंत राहिली. ठेकेदार मात्र सुरुवातीला भिंत पाडायला तयार होता; संस्थेच्या व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घेण्याचा नियम नसता तर ती कदाचित पडलीही असती.

भिंत राहिल्यामुळे दारेही अरुंदच राहिली. दाराची मोकळी रुंदी २२ इंच आणि वॉकर २४ इंच. सार्वजनिक इमारतींसाठीच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ९०० मिलिमीटर रुंदी धरलेली असते, पण अशा जुन्या घरांत ती मिळवणे बहुधा अशक्य असते. म्हणून वॉकर दाराबाहेर ठेवायचा आणि तिथून हात कुठेही रिकामा न राहता बारवरून बारवर जाईल अशी रचना केली: चौकटीच्या बाहेर एक उभा बार, आत शिरताच दुसरा, आणि बसण्याच्या जागेशेजारी आडवा तिसरा. आत उघडणारी दारे काढून बाहेर उघडणारी लावली, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली.

बार कसे बसवले, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण सर्वाधिक घरांत चूक इथे होते. मुलाने आधीच ऑनलाइन मागवलेले, रबरी चोषकाने लादीला चिकटणारे दांडे घरात आले होते. ते ओल्या वा सांधे असलेल्या लादीवर केव्हा सुटतील याचा नेम नसतो, आणि ते असण्याने माणूस निर्धास्त होतो, म्हणून ते नसलेले बरे. टॉवेल टांगायच्या दांड्याचेही तेच. साडेचार इंची विटांच्या भिंतीत प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकून लावलेला बार रोजच्या ओढीने काही महिन्यांत हलायला लागतो. म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार घेऊन पलीकडे स्टीलची पट्टी लावली. बार स्टेनलेस स्टीलचे, मुठीत नीट मावणाऱ्या जाडीचे, आणि पृष्ठभाग खरखरीत. त्यांची उंची कोणत्याही तक्त्यावरून न घेता आजींना कल्याणहून एक दिवस आणून, खुर्चीवर बसवून, त्यांचा हात आपसूक जिथे गेला तिथे खडूने खूण करून ठरवली.

जमिनीचा प्रश्न शेजारधर्माचाही होता. पूर्ण जमीन फोडली तर खालच्या घरात गळती होईल, अशी पहिल्या मजल्यावरच्या काकांना धास्ती होती, आणि पूर्वी एकदा झालेल्या गळतीवरून दोन्ही घरांत वर्षभर अबोला होता. त्यामुळे न्हाणीघरात जुने वॉटरप्रूफिंग न उखडता, सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) तुकड्यांचा भराव घालून आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचे जमिनीतले तोंड, वर घेऊन जमीन अडीच इंच उचलली, वर आर-११ प्रतीच्या न घसरणाऱ्या लाद्या बसवल्या आणि उंबरा १२ मिलिमीटरवर आणला. संडासात मात्र भांडे बदलायचे असल्यामुळे फोडणे टाळता आले नाही. तिथे वॉटरप्रूफिंग नव्याने करून ४८ तास पाणी साठवून ठेवले, आणि खालच्या काकांना त्यांच्याच छताची पाहणी रोज सकाळ-संध्याकाळ करायला सांगितली. छत कोरडे राहिले. पुढे जिन्याच्या विषयात याच काकांनी सभेत पहिल्यांदा आजींच्या बाजूने हात वर केला.

कमोड बसवण्याला आजींचा विरोध होता आणि तो हट्ट नव्हता. सोवळ्या-ओवळ्याच्या आयुष्यभराच्या सवयी त्यामागे होत्या. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडखुर्ची त्यांनी आठवडाभर कल्याणला वापरून पाहिली, ती डुगडुगते हे स्वतः अनुभवले आणि मग स्वतःच पक्क्या कमोडला होकार दिला. तो तीन इंचांच्या ओट्यावर बसवल्यामुळे बसण्याची उंची ४८० मिलिमीटरच्या आसपास आली.

बाकीचे घर

दिवाणाखाली लाकडी ठोकळे देऊन उंची १९ इंच केली. पलंगापासून संडासापर्यंत हालचालीने लागणारे, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारे छोटे दिवे लावले. गिझरच्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवला. देवघर भिंतीवर, खुर्चीवर बसून हात पोचेल इतक्या उंचीवर गेले. ओट्यावरच्या वरच्या फळीतले रोजचे डबे खाली आले, पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर गेल्या.

मुलाला घरात कॅमेरे लावायचे होते. बंगळुरूहून आई दिसत राहावी, ही त्याची काळजी समजण्यासारखी होती. आजींनी स्पष्ट नकार दिला: स्वतःच्या घरात कुणी बघत आहे या जाणिवेने राहण्यापेक्षा मी कल्याणला जाईन, असे त्या म्हणाल्या. कॅमेऱ्याऐवजी गळ्यात घालायचे वायरलेस बेलचे बटण आणि तिची घंटा समोरच्या घरात, दोन्ही दारांच्या किल्ल्या समोरच्या घरी, रात्री आतून कडी न लावता बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच, आणि सकाळी सातला मुलीचा फोन, अशी व्यवस्था झाली. पडण्यानंतरचे कित्येक तास हे पडण्याइतकेच घातक असतात, आणि ते तास कमी करण्याचे काम किल्ली आणि बेल कॅमेऱ्याहून चांगले करतात, हे मुलाला पटायला थोडा वेळ लागला.

जिना

दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये आजी घरी परतल्या. घर तयार होते आणि त्या आनंदात होत्या. पुढचे जवळजवळ पाच महिने त्या खाली उतरल्या नाहीत.

जिना तीन फूट रुंद, पायऱ्या सात इंच उंच, आणि रेलिंग फक्त मोकळ्या बाजूला. उतरताना ते आजींच्या डाव्या हाताला येई आणि चढताना उजव्या. शस्त्रक्रिया उजव्या खुब्याची असल्यामुळे त्यांना दोन्ही वेळा दोन्ही हातांना आधार हवा होता, आणि भिंतीच्या बाजूला धरायला काहीच नव्हते. भिंतीच्या बाजूने दुसरे रेलिंग हा साधा उपाय आराखड्यात पहिल्या दिवसापासून होता, पण संस्थेच्या सामाईक जागेचा प्रश्न म्हणून कुटुंबाने तो शेवटी ठेवला, आणि घरातली कामे उरकल्यावरच अर्ज केला. समितीने ठरावासाठी तो विशेष सर्वसाधारण सभेपुढे नेला. जिना अरुंद होईल, कपाटे वर कशी नेणार, पुनर्विकासात सगळे जाणारच आहे, असे आक्षेप आले. खुर्चीच्या जिनालिफ्टची आणि बाहेरून लिफ्ट उभारण्याचीही चर्चा झाली. पहिलीमुळे तीन फुटांच्या जिन्यात संकटकाळी वाट अडली असती. दुसरीला इमारतीभोवती जागा नव्हती, आणि महापालिकेची मंजुरी, २०१७च्या लिफ्टविषयक कायद्याखालचा परवाना व सर्व सभासदांची वर्गणी हे पुनर्विकासाच्या तोंडावर जमणारे नव्हते.

सभेत मी दोनच गोष्टी दाखवल्या. अडीच इंच बाहेर येणाऱ्या पाइपने जिना किती अरुंद होतो हे खडूने आखून दाखवले, आणि संस्थेतील सत्तरी ओलांडलेले आणखी पाच सभासद त्याच बाजूने भिंतीला हात लावत चढतात, त्या हातांचे काळे डाग भिंतीवर कुठे पडले आहेत तेही दाखवले. ठराव मंजूर झाला. एप्रिलमध्ये रेलिंग लागले, ते प्रत्येक टप्प्यावर शेवटच्या पायरीपुढे एक फूट वाढवले, पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे मारले आणि पहिल्या मजल्याच्या टप्प्यावर भिंतीला दुमडणारे आसन बसवले. या साऱ्याचा खर्च न्हाणीघर-संडासाच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता.

परिणाम

३० सेकंदांत हातांचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ही पायांची ताकद मोजण्याची सोपी चाचणी आहे. ७५ ते ७९ वयाच्या स्त्रियांमध्ये १०पेक्षा कमी वेळा उठता येणे हे पडण्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानतात. नोव्हेंबरमध्ये परतल्या तेव्हा आजी ७ वेळा उठत होत्या. सर्व सोयींनी युक्त अशा घरात हिवाळा काढल्यावर मार्चअखेर त्या ५ वेळा उठू लागल्या. जिना सुरू झाल्यावर, आधी रोज एक टप्पा आणि मग पूर्ण, सप्टेंबरपर्यंत हा आकडा ९वर आला. आता त्या आठवड्यातून दोनदा खाली उतरतात, एकदा घंटाळीला आणि एकदा पुस्तक बदलायला, सोबतीला कामाच्या ताई किंवा समोरची मुलगी असते. वर्षभरात दुखापत होईल असे पडणे झाले नाही. एकदा स्वयंपाकघरात वरच्या फळीवरची बरणी काढताना तोल गेला होता, त्यानंतर ती फळीच काढून टाकली.

वेगळे काय करता आले असते

कामांचा क्रम उलटा असायला हवा होता. सामाईक जागेतल्या कामाला परवानगी, सभा आणि समजावणी लागते, म्हणूनच त्याचा अर्ज सर्वांत आधी जायला हवा होता. आजी कल्याणला असतानाच तो दिला असता तर रेलिंग दिवाळीपूर्वी लागले असते आणि हिवाळ्यात गेलेली ताकद गेली नसती. जिथे अपघात होतो तिथेच सारे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, परंतु आजींचे पाय मजबूत ठेवणारी वाट दाराबाहेरून जात होती.

रुग्णालय सोडण्याआधी घराची पाहणी व्हायला हवी होती. घरी जाणे शक्य नसेल तर नातेवाइकांनी दारांची रुंदी, उंबऱ्यांची उंची, पलंगाची उंची आणि जिन्याची छायाचित्रे आणली तरी निम्मे नियोजन खाटेशेजारी बसून होते. कल्याणचे तीन महिने त्यामुळे कदाचित दीड महिन्यावर आले असते. आणि किल्ली शेजारी ठेवण्याची गोष्ट पडण्याची वाट न पाहता, एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या घरी आजच करता येते.

काही प्रश्न सुटलेले नाहीत. इमारतीच्या प्रवेशापाशी दोन पायऱ्या मिळून १४ इंचांची उंची आहे. एकास बारा या उताराने तिथे सुमारे चौदा फुटांचा रॅम्प लागेल आणि तेवढी जागा नाही, त्यामुळे उद्या चाकाची खुर्ची लागली तर उचलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच हे घर किती काळ पुरेल, यावर कुटुंबाने मोकळेपणाने बोलावे असा आग्रह मी धरला. आजींनी स्वतः तीन अटी लिहून मुलांना दिल्या आहेत: जिना कुणी उचलल्याशिवाय उतरता येईनासा झाला, गॅस बंद करायला त्या दोनदा विसरल्या, किंवा समोरचे बिऱ्हाड हलले, तर त्या कल्याणला जातील. दर सहा महिन्यांनी मुलगी, मुलगा आणि मी त्यांच्यासोबत या अटी वाचतो आणि ताकदीची चाचणी घेतो. पुढची पाहणी पावसाळ्याआधी, मे महिन्यात आहे.